चवीपुरते मीठ, औषधापुरते मीठ

वस्तीतल्या कुठल्याही घरात जा, मिठाचा डबा सापडणारच. साखर संपते, तेल संपते, डाळीचा डबा महिनाअखेरीस तळाला जातो; मीठ मात्र असते. महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही नेहमी एक प्रश्न विचारतो, "बायांनो, स्वयंपाक सोडून मिठाचे काय काय करता?" उत्तरे भराभर येतात. घसा धरला की गुळण्या. तांब्याचा हंडा घासायला. जुलाब झाले की मीठ-साखरेचे पाणी. पोराची दृष्ट काढायला. कुत्रा चावला की जखमेवर. कुणी काही विषारी प्याले तर ओकारी काढायला.

या यादीतली काही उत्तरे जीव वाचवणारी आहेत आणि काही जीव घेणारी. गंमत अशी की दोन्ही आपण सारख्याच विश्वासाने सांगतो, कारण दोन्ही आपल्याला आजीने, सासूने किंवा शेजारणीने सांगितलेली असतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आपण मिठाचाच हिशेब मांडू. कुठे वापरायचे, किती वापरायचे आणि कुठे अजिबात हात लावायचा नाही.

जुलाबात मीठ: सर्वांत मोठे काम

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. माणसे जमिनीवर पडलेली, सुई लावायला हात पुरत नव्हते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधायला लावल्या, पिंपात पाणी कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातात पेले दिले. शंभरातले सुमारे ३० रोगी दगावत होते, तिथे ते प्रमाण ४ च्या खाली आले. आई, बहीण, नवरा, शेजारी यांनी पेल्याने पाणी पाजून ही माणसे वाचवली. आज आपण ज्याला ओआरएस म्हणतो, त्याची ताकद जगाला तिथे दिसली.

पुढे १९८० ते १९९० या काळात बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायका खेडोपाडी घरोघर गेल्या. एक कोटीहून जास्त घरांत त्यांनी आयांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे माप शिकवले. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला आईला पुढे किती आठवते यावर ठरत असे. नुसते सांगून येणे पुरेसे नाही, आईच्या हाताला माप बसले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

मीठ-साखर एकत्रच का? जुलाबात शरीरातले पाणी आणि क्षार बाहेर जातात. नुसते पाणी पाजले तर क्षारांची भर पडत नाही. पण मीठ आणि साखर योग्य मापात एकत्र आली की आतडे दोन्ही मिळून आत ओढून घेते आणि त्यांच्यामागे पाणीही आत जाते. जुलाब चालू असतानाही हा दरवाजा उघडा राहतो.

पहिली पसंती नेहमी ओआरएसच्या पाकिटाला द्या. ते आशाताईकडे, अंगणवाडीत, सरकारी दवाखान्यात मिळते. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. छोटी पाकिटेही असतात, म्हणून पाकिटावरचे पाण्याचे माप वाचूनच कालवा. अर्धे पाकीट आज, अर्धे उद्या असे करू नका. दुकानातून घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असा उल्लेख आहे का ते बघा. रंगीत खोक्यातली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांतल्या जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात.

रात्री दोन वाजता पाकीट हाताशी नसेल तर घरी करा:

एक लिटर उकळून गार केलेले पाणी. त्यात चहाच्या लहान चमच्याने अर्धा सपाट चमचा मीठ आणि सहा सपाट चमचे साखर. चमचा भरला की वरून बोट किंवा सुरीची पाठ फिरवून सपाट करा. शिगोशिग नको. ढवळून चव घ्या. अश्रूपेक्षा खारट लागले तर ते पाणी ओतून द्या आणि पुन्हा करा. चोवीस तासांनंतर उरलेले फेकून द्या.

इथे आमचा सगळ्यात जास्त आग्रह मापावर आहे. "जुलाब जास्त आहेत, म्हणून मीठ जरा जास्त टाकले" असे आया सांगतात. मीठ जास्त झाले की ते शरीरातले पाणी उलट ओढून घेते. लहान मुलाच्या रक्तातले मीठ वाढले तर त्याला झटके येऊ शकतात, मेंदूला इजा होऊ शकते. औषध आणि विष यांत इथे एका चमच्याचेच अंतर आहे.

पाजायचे किती? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, मोठ्या माणसाला मागेल तेवढे. चमच्या-चमच्याने, घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. अंगावरचे दूध बंद करू नका. खाणेही बंद करू नका. पेज, वरण-भात, ताक, केळे चालते. आशाताईकडून झिंकच्या गोळ्या मागा. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, असे १४ दिवस द्यायचे असते. जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करा.

आणि दवाखाना कधी? डोळे खोल गेले, मूल मलूल पडले, पाणी पिईनासे झाले, सहा तासांत लघवी नाही, शौचात रक्त आहे, प्यायलेले सगळे उलटून पडते: यांतले एकही दिसले तर थांबू नका. वाटेतही घोट-घोट पाजत राहा.

गुळण्या: आराम मिळतो, पण नजर ठेवा

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करून पाणी थुंकून टाका. घसा खवखवणे, हिरडी सुजणे, तोंड येणे यांत बरे वाटते. दात काढला असेल तर पहिला दिवस जाऊ द्या, दुसऱ्या दिवसापासून हलक्या चुळा भरा. पहिल्याच दिवशी जोरात चूळ भरली तर जखमेवरची रक्ताची गाठ निघून पुन्हा रक्त येते. लहान मुलांना गुळण्या जमत नाहीत, ती पाणी गिळतात. त्यांना देऊ नका.

गुळण्यांनी सूज हलकी होते, जंतू मरतात असे समजू नका. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात तिथे घशाचा एक विशिष्ट जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत अशा घसादुखीनंतर काही आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो आणि कधी हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. हा संधिवाताचा ताप. वेळेवर पेनिसिलिनचे उपचार मिळाले तर तो टळतो. म्हणून शाळेतल्या मुलाचा घसा दुखतो, ताप आहे, गिळवत नाही, गळ्याला गाठी आल्या आहेत, तर गुळण्यांवर दिवस काढू नका. डॉक्टरांना घसा दाखवा.

मीठ-तेलाने किंवा मीठ-मशेरीने दात घासण्याची सवय काही घरांत आहे. खरखरीत मिठाने दाताचे आवरण झिजते आणि मशेरी म्हणजे तंबाखूच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, बरी न होणारी जखम दोन-तीन आठवड्यांहून जास्त राहिली तर तपासून घ्या.

पाळीचे कापड आणि रक्ताचे डाग

हा उपयोग बैठकीत मोठ्याने कुणी सांगत नाही, नंतर कानात विचारतात. रक्ताचा डाग गरम पाण्यात टाकला की पक्का बसतो. म्हणून पाळीचे कापड आधी थंड पाण्यात मूठभर मीठ टाकून अर्धा तास भिजत ठेवा. रक्त सुटते. मग साबणाने धुवा, स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा.

मिठाचे काम इथे संपते, उन्हाचे सुरू होते. आपल्याकडे हे कापड दुसऱ्या कपड्याखाली, मोरीच्या कोपऱ्यात, पलंगामागे वाळत घालतात. तिथे ते नीट वाळत नाही. दमट कापडाने खाज, पुरळ, जांघेत गजकर्ण होते. उघड्या उन्हात, दोरीवर, हवेत वाळवा. लाज वाटत असेल तर चार घरच्या मुलींनी मिळून गच्चीवर एक दोरी ठरवा. पावसाळ्यात वाळलेल्या कापडावर इस्त्री फिरवा.

भांडी, भाजी आणि चूल

तांब्या-पितळेचे भांडे काळे पडले तर पिळलेल्या लिंबाच्या सालीवर मीठ घेऊन घासा. लिंबाचे आम्ल आणि मीठ मिळून वरचा काळा थर विरघळवतात. लगेच धुऊन कोरडे पुसा, नाहीतर डाग पडतात. ॲल्युमिनियम आणि नॉनस्टिकला हे करू नका. लोखंडी तव्यावर जळलेले चिकटले असेल तर तवा जरा गरम करा, खडे मीठ टाकून जाड फडक्याने घासा, पुसून तेलाचा हात लावा.

फ्लॉवर, कोबी, पालेभाजी मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवली की आतल्या अळ्या बाहेर येतात. नंतर साध्या पाण्याने धुवा. फवारणीचे औषध याने पुरते जाते असे मात्र मानू नका. लोणच्यात, खाऱ्या माशांत मीठ पाणी शोषून घेते, म्हणून जंतू वाढत नाहीत. लोणच्यात मीठ कमी टाकले की बुरशी येते ती यामुळेच.

नवे रंगीत लुगडे मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो, ही समजूत. कारखान्यात सुती कापड रंगवताना रंग धाग्यावर बसावा म्हणून मीठ वापरतात हे खरे. पण एकदा रंगवून झालेल्या कापडाचा कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. मीठ वाया घालवू नका, पहिले दोन-तीन धुणे वेगळे करा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर आधी गॅस बंद करा आणि वर झाकण किंवा ताट सरकवा. झाकण हाताशी नसेल आणि आग लहान असेल तर भरपूर मीठ टाकल्यानेही ती गुदमरते. पाणी कधीही टाकू नका, पेटते तेल उडून घर पेटते. पीठही टाकू नका, ते स्वतःच पेट घेते. आग छतापर्यंत गेली असेल तर मुलांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.

इथे मिठाला हात लावू नका

*कुत्रा, मांजर, माकड चावले किंवा ओरखडले तर:* मीठ, तिखट, हळद, चुना, तेल काही लावू नका. याने जंतू मरत नाहीत, जखम मात्र चिघळते आणि वेळ जातो. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवा. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस पहिल्या दिवशी एकदा देऊन संपत नाही, पुढच्या तारखा कार्डावर लिहून देतात, त्या सगळ्या पाळा. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल तर जखमेत द्यायचे सिरमही लागते, ते विचारा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर धुतले आणि लस घेतली तर तो पूर्ण टळतो.

*विष, फिनेल, रॉकेल, उंदराचे औषध पोटात गेले तर:* मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. आम्ही वॉर्डात काम करत असताना असे रोगी पुष्कळ पाहिले. विषाइतकीच त्या पाण्याची भीती वाटायची. रॉकेल किंवा फिनेल उलटीबरोबर वर येताना फुप्फुसात शिरते, अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. अर्धवट शुद्धीतला माणूस उलटीने गुदमरतो. शिवाय पेलाभर पाण्यात चार-पाच चमचे मीठ हे लहान मुलासाठी स्वतःच विष आहे. काहीही पाजू नका. कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा आणि काय घेतले त्याची बाटली किंवा पुडी बरोबर न्या. साप चावल्यावरही हेच: ओकारी नको, पट्टा आवळणे नको, कापणे नको. हातपाय हलू न देता थेट रुग्णालय.

*भाजले तर:* मीठ, शाई, टूथपेस्ट, बटाटा काही नाही. वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा, स्वच्छ कापडाने सैल झाका, दवाखान्यात न्या.

*मधुमेह असलेल्यांनी* गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसू नये. दिवसभर उभे राहून दुखणाऱ्या पायांना इतरांना त्याने आराम वाटतो. पण मधुमेहात पावलांची जाणीव कमी झालेली असते, पाणी किती गरम ते कळत नाही. फोड येतो, जखम होते आणि ती भरत नाही.

*एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या* खाण्यात वरून मीठ घालू नका. सहा महिन्यांपर्यंत तर फक्त अंगावरचे दूध.

मीठ ओवाळण्यापेक्षा श्वास मोजा

बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या, आपण त्या भिंतीवर लावल्या. तरीही मूल किरकिरले, दूध सोडले, तापाने फणफणले की काही घरांत मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकतात. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट कडक होती, असे म्हणतात. त्या धुराने आधीच धापा टाकणाऱ्या बाळाचा श्वास आणखी कोंडतो आणि पहाटेपर्यंतचा मोलाचा वेळ जातो.

अशा वेळी मुठीत मीठ घेण्याऐवजी हातात घड्याळ घ्या. मूल शांत असताना त्याचे पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास असतील तर तो न्यूमोनिया असू शकतो. छातीखालचा भाग आत ओढला जात असेल, दूध पीत नसेल, झटके आले असतील तर त्याच क्षणी निघा. स्वतः बघावे, तपासावे आणि मग मानावे, ही तर आपल्या बुद्धांची शिकवण आहे. श्वास मोजणे हे त्याचे घरातले उदाहरण.

ताटातले मीठ

इतके सांगून झाल्यावर पोटातल्या मिठाविषयी. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. भाजी, भाकरी, लोणचे, पापड, फरसाण, वडापाव, सुके बोंबील, नूडल्सचा मसाला या सगळ्यांतले धरून. ताटात वरून मीठ घेणे बंद केले तरी सुरुवात झाली. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब मोजा. वारंवार १४०/९० किंवा वर असेल तर उपचार लागतात. डोके दुखत नाही म्हणून गोळी बंद करू नका.

चक्कर आली की "बीपी लो झाला" म्हणत मीठ-पाणी पाजण्याची घाई करू नका. आधी झोपवा आणि रक्तदाब मोजून घ्या. तो वाढलेलाही असू शकतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस घामेजला, थरथरू लागला आणि शुद्धीत असेल तर त्याला साखर लागते, मीठ नव्हे.

खायला आयोडीनयुक्त मीठच घ्या. आयोडीन कमी पडले की गलगंड होतो आणि गरोदरपणी कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. डबा झाकण लावून, चुलीपासून आणि ओलाव्यापासून दूर ठेवा. भांडी घासायला, कापड भिजवायला स्वस्त खडे मीठ वेगळ्या डब्यात ठेवा आणि त्यावर तसे लिहा. सैंधव महाग असते, पण त्यातही बहुतेक भाग तेच सोडियम असते. रक्तदाबाला ते निर्दोष नाही. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

कापून मिठाच्या डब्यावर चिकटवा

जुलाब: १ लिटर पाणी, ½ सपाट चमचा मीठ, ६ सपाट चमचे साखर. अश्रूपेक्षा खारट नको.
गुळण्या: १ पेला कोमट पाणी, ½ चमचा मीठ.
रक्ताचा डाग: थंड पाणी आणि मीठ, मग साबण, मग ऊन.
कुत्रा चावला: साबण-पाणी १५ मिनिटे, मग लस. मीठ नाही.
विष पोटात गेले: काहीही पाजू नका. १०८.
बाळाला धाप: श्वास मोजा, दवाखान्यात जा.

घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे वाचून दाखवा. आणि एकदा आईच्या, सासूच्या हाताने चमचा सपाट करून मीठ-साखरेचे पाणी खरोखर करून बघा. एकदा हाताने केलेले माप रात्री दोन वाजताही आठवते.